डॉक्टरांना बोट नीट कसं सांगायचं

मागच्या पावसाळ्यात कोथरूडला आमच्या आईचं बोट दारात चेमटलं, तिने करंगळीपासून मोजून "चौथं बोट" सांगितलं म्हणजे तर्जनी, पण डॉक्टर लोक अंगठ्यापासून मोजतात त्यामुळे एक्सरे निघाला अनामिकेचा, परत लाईन परत पैसे. म्हणून नंबर सांगूच नका, नाव सांगा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी. रिपोर्टवर हेच थम्ब, इंडेक्स, मिडल, रिंग, लिटल असं येतं, आणि डावा का उजवा हे आधी सांगायचं.

मग पेर सांगा. अंगठ्याला दोन हाडं, बाकी बोटांना तीन तीन, म्हणजे एका हाताला 14. नखाजवळच्या सांध्याला डीआयपी म्हणतात, मधल्याला पीआयपी, मुठीच्या उंचवट्याचा तो एमसीपी.

नखाच्या कडेला लाल होऊन ठणकतं ते नखुरडं, डॉक्टर पॅरोनिकिया लिहितात, पू झाला तर घरी सुईने फोडू नका प्लीज. बोट वाकून अडकतं आणि कट्कन सुटतं ते ट्रिगर फिंगर. बॉल लागून टोक खाली लोंबतंय, सरळच होत नाही, तर ते मॅलेट फिंगर असू शकतं, त्याला साधारण 6 ते 8 आठवडे बोट सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी (स्प्लिंट) लागते आणि मधे एकदाही वाकवायचं नाही, सोसायटीतली पोरं हे ऐकत नाहीत पण खरंच महत्त्वाचं आहे.

आणि मार लागला की सगळ्यात आधी अंगठी काढा, सूज चढली की साबण लावूनही निघत नाही.