इम्प्लांटनंतरचं शरीरसुख : आधी स्पर्श, मग पंप

लिंग ताठ होत नाही म्हणून त्यात जे इम्प्लांट बसवतात, त्याचं ऑपरेशन झालं की डॉक्टर पंप दाबायला शिकवतात, जखम कशी सांभाळायची ते सांगतात. पण घरी गेल्यावर दोघांनी एकमेकांजवळ कसं जायचं, हे सहसा कुणी सांगत नाही आणि विचारायची आपल्यालाही चोरी वाटते. मी जुना मधुमेही. ताठरतेसाठीच्या गोळ्यांचा उपयोग होईनासा झाला, मग लिंगात घ्यायची इंजेक्शनंही लागू पडेनात. शेवटी तीन भागांचं, फुगवता येणारं इम्प्लांट बसवून घेतलं. आम्हा नवराबायकोला जे हळूहळू उमगत गेलं, ते इथे लिहितोय.

आधी हे यंत्र काय करतं ते नीट समजून घ्या. लिंगाच्या आत दोन पोकळ नळ्या असतात, अंडकोशाच्या पिशवीत पंप आणि ओटीपोटात सलाईनची छोटी टाकी. पंप दाबला की टाकीतलं पाणी नळ्यांत येतं आणि लिंग ताठ होतं. पंपावरचं बटण दाबलं की पाणी परत जातं. फुगवता येणारं इम्प्लांट डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली जगापुढे आणलं. आजच्या यंत्रांचं मूळ तत्त्व तेच आहे. काहींना नुसत्या वाकवता येणाऱ्या कांड्या बसवतात. त्यांचा कडकपणा कायम असतो, हाताने वर करायच्या आणि नंतर खाली वळवायच्या. स्पर्शाबद्दल मी पुढे जे सांगतोय ते दोन्ही प्रकारांना लागू आहे.

इम्प्लांट ताठरता देतं, बाकी काही नाही. कातडीची संवेदना ज्या नसांमधून जाते त्या नळ्यांच्या जागेपासून वेगळ्या असतात, म्हणून स्पर्शसुख आणि कळस साधारणपणे ऑपरेशनआधी होते तसेच राहतात. वीर्य आधी येत असेल तर आताही येईल. प्रोस्टेट काढलेल्या पुरुषाला वीर्य येत नाही, पण कळस अनुभवता येतो. मधुमेहाने आधीच संवेदना बोथट झाली असेल, तर ती इम्प्लांटने परत येत नाही. इच्छाच होत नसेल तर तो वेगळा प्रश्न आहे. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासून घ्या, मनावर कसला भार आहे का तेही पाहा.

संभोगाची परवानगी बहुधा चार ते सहा आठवड्यांनी मिळते आणि ती सर्जननेच द्यायची. तोवर मिठी आहे, चुंबन आहे, हाताने जोडीदाराला सुख देणं आहे. हे दिवस नुसतं वाट पाहण्यात घालवू नका. बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं स्पर्श आटलेला असतो. ताठरता जमत नाही म्हणून पुरुष जवळ जाणंच टाळतो, आणि बायकोला वाटतं आपण त्याला नकोशा झालो. त्याची भरपाई करायला हे आठवडे उत्तम आहेत.

पंपाचा सराव रोज करा, सर्जन सांगतील तेव्हापासून. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर पिशवी सैल पडते, तेव्हा पंप पटकन सापडतो. एका हाताने तो धरून ठेवा, नाहीतर वर सरकतो, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने दाबा. पहिला दाब जड जातो, नंतरचे सोपे. पूर्ण फुगवून सांगितलेला वेळ तसंच ठेवा, मग बटण दाबून दुसऱ्या हाताने लिंग हलकेच दाबत पाणी परत पाठवा. अंधारात, न बघता जमू लागलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आता मुख्य गोष्ट. पूर्वी ताठरता यायची ती मन पेटल्यावर. आता मन दुसरीकडे असलं तरी मिनिटभरात लिंग ताठ करता येतं. बरेच जण तिथेच घाई करतात: दार लावलं, पंप दाबला, सुरू. मग म्हणतात, काहीच जाणवलं नाही. जाणवणार कसं? शरीर जागंच झालं नव्हतं. म्हणून लिंग मऊ असतानाच पंधरा-वीस मिनिटं फक्त एकमेकांना द्या. मान, पाठ, मांड्यांच्या आतली बाजू, अंडकोश, लिंगाच्या टोकाखालची नाजूक जागा. श्वास वाढतो, छाती धडधडते, टोकाशी चिकट थेंब येतो. या खुणा इम्प्लांटनंतरही येतात. त्या दिसल्या की मग पंप.

पंप बायकोने दाबावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे ती दाबते. त्यामुळे मध्येच थांबून यंत्र चालवल्यासारखं वाटत नाही, तो प्रणयाचाच भाग होतो. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी आधी दिवसाउजेडी, कपडे घालूनसुद्धा, तिला तो नुसता चाचपून बघू द्यावा.

आणखी एक बोलायला हवं. बायकोला पूर्वी माझ्या ताठरतेवरून कळायचं की मला ती हवी आहे. ती खूण आता राहिली नाही, कारण पंप कधीही दाबता येतो. हे तिने मला सांगितलं तेव्हा मला फार लागलं, पण तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी तोंडाने सांगतो. तू हवी आहेस, इथे हात ठेव, हे छान वाटतंय. आमच्या पिढीच्या पुरुषांना ही भाषा कुणी शिकवली नाही, तरी शिकावी लागते.

तिच्या शरीराचाही विचार करा. बराच काळ संबंध आले नसतील किंवा पाळी थांबली असेल, तर योनी कोरडी आणि घट्ट असते. पाण्यात विरघळणारं जेल भरपूर वापरा. तिला दुखलं तर लगेच थांबा, आणि दुखणं टिकलं तर तिच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रवेशाआधी लिंग पूर्ण फुगवा. अर्धवट फुगवलेलं आत जाताना वाकतं आणि नळ्यांवर ताण येतो. सुरुवातीला कुशीवर झोपून किंवा पुरुष वर, असं सोयीचं पडतं. स्त्री वर असेल तर लिंग बाहेर सरकून तिचं सगळं वजन वाकड्यात त्यावर येणार नाही, यासाठी हाताने दिशा द्या.

लिंगाचं टोक नळ्यांनी फुगत नाही, ते मऊ राहतं आणि कधी थंडही लागतं. हा बिघाड नाही. फार खटकलं तर सर्जनला विचारा, काहींना सोबत सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रातलं औषध) गोळी देतात. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटचं औषध चालू असेल तर ती गोळी मुळीच नाही. लांबीबद्दलही आधीच मनाची तयारी ठेवा. इम्प्लांट लांबी वाढवत नाही, उलट आठवणीतल्यापेक्षा लिंग थोडं आखूड वाटतं. काही महिने नियमित फुगवत राहिल्याने थोडा फरक पडू शकतो.

पहिले काही महिने कळसाला वेळ लागू शकतो. हाताने, तोंडाने, जसं आवडेल तसं चालू ठेवा, जखम पूर्ण भरलेली असली म्हणजे झालं. इथे इम्प्लांटचा एक मोठा फायदा आहे: वीर्य आल्यावरही लिंग ताठच राहतं. तुमचं झालं तरी तिचं होईपर्यंत थांबता येतं. मला स्वतःला यातलं सगळ्यात मोठं समाधान हेच वाटतं. नंतर मात्र पाणी परत पाठवा, फुगवलेलं ठेवून झोपू नका.

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. लिंगात आता कुणालाही, कधीही, इंजेक्शन देऊ देऊ नका. हवा ओढून लिंग ताठ करणारं व्हॅक्यूमचं उपकरण सर्जनला विचारल्याशिवाय वापरू नका. लघवीची नळी घालायची वेळ आली तर इम्प्लांट आहे हे आधी सांगा आणि ते रिकामं करून घ्या. इम्प्लांटने गर्भ राहणं किंवा लैंगिक आजार टळत नाहीत, गरज असेल तिथे कंडोम हवाच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, कारण इम्प्लांटला जंतुसंसर्ग झाला तर ते बहुतेक वेळा काढावं लागतं. ताप, वाढत जाणारं दुखणं, लाली, पू, पंप कातडीला चिकटल्यासारखा वाटणं किंवा इम्प्लांटच्या नळीचं टोक बाहेर डोकावणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनकडे जा.

पंप शिकायला जाल त्या भेटीला बायकोला सोबत न्या. तिला बाहेर बसवू नका. तिचे प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळे असतील, ते तिला स्वतः विचारू द्या, आणि पंप एकदा तिच्या हातून दाबून घ्या.