धडे सोडा, एक घटना धरा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड असे धडे सुटेसुटे पाठ करतात. मग व्हायवात (तोंडी परीक्षेत) मी विचारते, जुलाब झालेला पेशंट उठून उभा राहिला की त्याला चक्कर का येते? वर्ग गप्प. या उत्तराचे तुकडे चार धड्यांत विखुरलेले असतात.

म्हणून आधी घटना निवडा. पहिली म्हणून झोपलेल्या माणसाचं उभं राहणं उत्तम.

मैत्रिणीला पाच मिनिटं आडवी पडू द्या, नाडी आणि बीपी मोजा. उभी राहिल्यावर लगेच आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. गरगरलं तर ताबडतोब बसवा. निरोगी मुलीची नाडी साधारण १० ते २० ठोक्यांनी वाढते, वरचं बीपी फारसं ढळत नाही. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर शरीराला तोल सावरता आलेला नाही.

आता वही आडवी धरून कशामुळे काय होतं याचे बाण काढा. उभं राहताच अर्धा लिटरहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडच्या शिरांत उतरतं, हृदयाकडे कमी परततं. मानेतल्या कॅरोटिड सायनसमधले (मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या फुगीर भागातले) आणि महाधमनीच्या कमानीतले बॅरोरिसेप्टर, म्हणजे रक्तदाब ओळखणारे संवेदक, हे टिपतात. मेड्युला (मेंदूचा तळाचा भाग) हृदय मंद ठेवणाऱ्या व्हेगस नसेचा लगाम सैल करते, हृदयाला वेग देणाऱ्या सिंपथेटिक नसांना जोर देते. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. पोटऱ्यांचे स्नायू आणि प्रत्येक श्वास रक्त वर ओढायला मदत करतात.

प्रत्येक बाणाशेजारी वेळ लिहा. हे मी सगळ्यांकडून हट्टाने करून घेते. नसांचं काम सेकंदांत होतं. मूत्रपिंड रेनिन हे एन्झाइम सोडतं, त्याच्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन बनतं, याला मिनिटं लागतात. अल्डोस्टेरॉन या हार्मोनमुळे मीठ-पाणी राखलं जायला तास लागतात. जुलाबात मुळात पाणीच गेलेलं असतं, म्हणून नसांनी कितीही जोर लावला तरी मेंदूला रक्त कमी पडतं. तिथे सलाईन किंवा ओआरएस का, हे बाणांवरूनच दिसतं.

पुढच्या घटना: जिना चढणं, पोटभर जेवण, थंडीताप. प्रत्येक वेळी वही मिटून शेजारणीला मोठ्याने सांगा. जिथे अडाल, फक्त तेवढाच धडा उघडा.