टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर घरी लेकराच्या श्वासावर लक्ष कसं ठेवायचं

मी नागपुरात ईएनटी म्हणजे कान-नाक-घशाच्या वॉर्डात सिस्टर आहे, डिस्चार्जच्या वेळी आईबापांना जे सांगते तेच इथं लिहून राहिली, कारण त्या गडबडीत अर्धं कोणाच्या डोक्यातच शिरत नाही.

आधी ऑपरेशनच्या अगोदरचं. मागच्या दोन-चार आठवड्यांत सर्दी-खोकला झाला असेल तर भूलवाल्या डॉक्टरांना सांगाच, तारीख पुढे जाईल म्हणून लपवू नका, सर्दीनंतर श्वासनळी चिडलेली असते आणि भूल उतरताना गळा एकदम आवळून श्वास अडकू शकतो. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा.

मूल ३ वर्षांच्या आतलं असेल, वजन जास्त असेल, डाऊन सिंड्रोम असेल किंवा झोपेत श्वास थांबायचा म्हणूनच ऑपरेशन केलं असेल तर त्या रात्री घरी न्यायची घाई नको. टॉन्सिल निघाले तरी आत सूज असते, पहिल्या काही रात्री घोरणं उलट वाढूही शकतं.

घरी आल्यावर कुशीवर झोपवा आणि कोणीतरी मोठ्यानं जवळच झोपा. रात्री उठून लाइट लावा, बनियन वर करा आणि पूर्ण एक मिनिट छाती-पोटाकडे बघा. नुसतं घोरणं चालेल. पण श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी किंवा गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात असेल, श्वास घेताना कर्कश आवाज येत असेल, मधेच श्वास थांबत असेल, ओठ निळसर दिसले, हलवूनही लेकरू धड जागं होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा.

रक्ताचं तर नीट लक्षात ठेवा. एक आई रात्री दोनला पोराला घेऊन आली, म्हणे झोपेत सारखा घोट गिळून राहिला, तिला आधी वाटलं तहान लागली असेल. उशीवर थेंबही नव्हता. टॉर्च मारला तर घशात मागे रक्ताची गुठळी! पहिले २४ तास आणि मग ५व्या ते १०व्या दिवसापर्यंत, ह्या दोन वेळा जपायच्या, आणि दुसऱ्या वेळी तर नेमकं पोरगं खेळायला लागलेलं असतं. घशात पांढरा थर, तोंडाला वास, कान दुखणं, ह्याला घाबरू नका.

औषध डॉक्टरांनी वजनावर लिहून दिलेलंच. घरातलं उरलेलं खोकल्याचं सिरप अजिबात नको, त्यात कोडीन (खोकला-दुखणं दाबणारं औषध) असलं तर काही मुलांच्या अंगात त्याचं झपाट्यानं मॉर्फिन ह्या जास्त कडक औषधात रूपांतर होतं आणि झोपेतच श्वास मंदावतो, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१३ मध्येच टॉन्सिलच्या मुलांसाठी कडक इशारा दिला होता. ट्रॅमाडॉल हे दुखण्याचं औषधही नको.

पाणी घोट-घोट देत राहा, आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ वर जातो, घसा कोरडा पडला की दुखतं आणि पोरगं गिळायलाच नाही म्हणतं.

रक्त दिसलं तर नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत सरळ जा. मुलाला बसवून पुढे वाकवा, रक्त गिळू न देता थुंकायला लावा, आणि वाटेत पाणीसुद्धा देऊ नका, परत भूल द्यावी लागू शकते.