गालिच्यावर वाळलेला रंग काढताना

वाळलेल्या डागावर लगेच पाणी ओतू नये. आधी बोथट सुरीने वरचा पापुद्रा हलकेच खरवडावा आणि सुटलेले कण व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावेत, म्हणजे ते पुन्हा धाग्यांत रुतत नाहीत. रंग पाण्यात मिसळणारा असल्यास कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रवसाबणाचे थोडे थेंब घालून, त्यात भिजवून पिळलेले पांढरे फडके डागावर ५ ते १० मिनिटे ठेवावे. मग कडेकडून मध्याकडे टिपत यावे. चोळल्यास गालिच्याची लव कायमची पिंजते, आणि ते डागापेक्षा वाईट दिसते. तेलरंगाला टर्पेंटाइन लागते. ते आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासावे, खिडक्या उघडून, ज्योतीपासून दूर आणि केवळ फडक्यावर घेऊनच वापरावे, कारण गालिच्यात मुरल्यास खालच्या अस्तराचा गोंद सुटू शकतो.