ज्युरीचं बोलावणं आलं की...

ज्युरीत, म्हणजे खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या साध्या नागरिकांमध्ये, बसायला बोलावणारं कोर्टाचं पाकीट उघडलंत की आधी फ्रिजवरच्या कॅलेंडरपाशी जा. समन्सवर एकच तारीख असते, पण तुम्ही अख्खा आठवडा खोडा. आमच्या कॅलिफोर्नियात ‘एक दिवस किंवा एक खटला’ अशी पद्धत आहे: निवड झाली नाही तर एका दिवसात सुटका, झाली तर तो एक खटला संपेपर्यंत. ऐकायला सोपी वाटते. प्रत्यक्षात रोज संध्याकाळी पाचनंतर कोर्टाच्या वेबसाइटवर आपला गट क्रमांक बघायचा, तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं पाच दिवस चालू शकतं. खटला परवडला, पण हा ‘उद्या आहे की नाही’ नको. म्हणून त्या आठवड्यात डेंटिस्ट नको, पाहुणे नकोत, मंडळाच्या नाटकाची तालीम तुमच्या घरी तर अजिबात नको. मुलांना शाळेतून कोण आणणार याची दोन नावं आधीच पक्की करा. एकच नाव ठेवलंत तर नेमकं त्याच दिवशी त्या माणसाला ताप येतो.

तुम्ही अजून नागरिक नसाल, ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असाल, तर पाकीट केराच्या टोपलीत टाकू नका. यादी बनते ती मतदारयादीबरोबरच डीएमव्हीच्या, म्हणजे गाडीचं लायसन्स देणाऱ्या खात्याच्या, नोंदींवरून, त्यामुळे लायसन्स असलेल्या कुणालाही बोलावणं येऊ शकतं. ‘मी नागरिक नाही’ या रकान्यात खूण करा, माहिती भरून परत पाठवा, विषय संपला. ती खूण मात्र डोळ्यांत तेल घालून करा. घाईघाईत आपण नागरिक असल्याचं लिहून बसलात, तर पुढे इमिग्रेशनमध्ये ते फार महागात पडतं. फॉर्म भरलाच नाही, तर दंड १५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आणि फोन करून ‘ज्युरीला आला नाहीत, आत्ता दंड भरा नाहीतर अटक’ असं कुणी म्हणालं, तर तो भामटा समजा. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही.

भारताची तिकिटं काढलेली असतील तर तारीख पुढे ढकलून घ्या. पण ढकलताना नवी तारीखही नीट बघा. मी डिसेंबरची तारीख टाळून फेब्रुवारी घेतली आणि त्याच आठवड्यात मुलाची सायन्स फेअर निघाली. सासू-सासरे नागरिक असतील आणि त्यांच्या नावाने समन्स आलं असेल, तर सत्तरीपुढच्या माणसाला तब्येतीचं कारण द्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. कामापुरतं इंग्रजी येत नसेल, तर तेही कारण चालतं.

ऑफिसात मॅनेजरला त्याच दिवशी कळवा आणि एचआरला एक नेमका प्रश्न विचारा: ज्युरीच्या दिवसांचा पगार मिळतो का आणि किती दिवसांचा? ज्युरीला गेल्याबद्दल कामावरून काढता येत नाही, हे कायद्यात आहे. पगार देणं मात्र बहुतेक ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर. कोर्टाकडून मिळतात दिवसाला १५ डॉलर, तेही दुसऱ्या दिवसापासून, वर मैलामागे ३४ सेंट. तासावर काम करणाऱ्याने या हिशेबाने घर कसं चालवायचं, हे मला तरी कळलेलं नाही. लांबलेला खटला खरंच झेपणार नसेल, तर ज्युरी निवडताना न्यायाधीश अडचणी विचारतात. तेव्हा आकडे घेऊन बोला, नुसतं ‘जमणार नाही’ म्हणू नका.

आदल्या रात्री पर्स रिकामी करा. दारात विमानतळासारखी तपासणी असते. माझ्या पर्समधून सफरचंद कापायची छोटी सुरी निघाली आणि रांगेतले सगळे माझ्याकडे बघू लागले. चार्जर, जाड पुस्तक, स्वेटर घ्या. हॉलमध्ये एसी मरणाचा असतो. डबा घ्या, पण कोरडा: थालीपीठ चालेल, लसणाची चटणी घरी ठेवा. शेजारी तुमच्याइतकाच कंटाळलेला माणूस बसलेला असतो. पार्किंगसाठी अर्धा तास हातात ठेवा.

ज्युरी निवडताना होणाऱ्या प्रश्नोत्तरांची तयारी मनातल्या मनात करा. धंदा काय, नवरा काय करतो, घरी कधी चोरी झाली का, नात्यातलं कुणी पोलिसात आहे का. या शेवटच्या प्रश्नावर मी अडखळले. आपल्याकडे नातं कुठपर्यंत मोजायचं? साताऱ्याचे चुलतमामा निवृत्त फौजदार, ते मी सांगून टाकलं. वकिलाने ‘चुलतमामा’ कागदावर कसं लिहिलं, देव जाणे.

निवड झालीच तर घरच्यांना आधीच बजावून ठेवा: खटल्याबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. तुम्हीही बोलायचं नाही, गुगल करायचं नाही, ग्रुपवर तर नाहीच. पुण्याला फोनवर ‘ज्युरी’ म्हटल्याबरोबर आईने नौदल अधिकारी नानावटींवरचा १९५९ चा खुनाचा खटला काढला. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं आणि न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टात पाठवलं, हे तिला काल घडल्यासारखं पाठ. मग लगेच, ‘तुझ्यावाल्याने काय केलंय?’ तिला हवामानावर आणावं लागलं. फौजदारी खटल्यात इथे बाराही जणांचं एकमत लागतं, तेव्हा शेवटच्या दिवसाचा अंदाज कुणालाच देऊ नका, शाळेलाही नाही.

निघताना हजेरीचा दाखला मागून घ्या. ऑफिसला तो लागतोच, आणि पुढचे बारा महिने पुन्हा बोलावणं आलं तर दाखवायलाही. माझा फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय. शेजारी परवाच आलेलं नवऱ्याच्या नावाचं पाकीट आहे, त्याने अजून उघडलेलं नाही.