एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचताना या चुका टाळा

डीबग बंद करायचं म्हणून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये) डीबग=फॉल्स लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी एररच्या पानावर अख्खा स्टॅक ट्रेस (एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आली त्याची यादी) दिसतोच आहे. असं झालं की आधी ती व्हॅल्यू कोडमध्ये कशी वाचली आहे ते बघा. पायथनमध्ये बहुतेक वेळा ओएस.गेटएन्व्हमधून आलेली व्हॅल्यू सरळ बूल() मध्ये टाकलेली सापडते. बूल() त्या शब्दाचा अर्थ लावत नाही. स्ट्रिंग रिकामी आहे की नाही, एवढंच ते बघतं. "फॉल्स" रिकामी नाही, म्हणून उत्तर ट्रू. "०" दिलंत तरी ट्रूच. जावास्क्रिप्टचं बूलियन() अगदी तसंच वागतं, आणि रुबीच्या साध्या इफ अटीला तर रिकामी स्ट्रिंगही ट्रूच वाटते.

मुळात ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसच्या हातात नाव=व्हॅल्यू अशा निव्वळ मजकुराच्या जोड्या देते. त्यात इंटिजर (पूर्णांक) नाही, बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) नाही, यादी नाही. मजकुरातून प्रकार काढण्याचं काम प्रोग्रामचं आहे आणि ते एकदाच, सुरुवातीलाच आणि कडकपणे झालं पाहिजे. कळलं नाही तर अंदाज बांधायचा नाही, थांबायचं.

बूलियन: प्रत्येक भाषेचा नियम वेगळा

गो भाषेचं पार्सबूल "१", "टी", "ट्रू" आणि "०", "एफ", "फॉल्स" ही रूपं घेतं, पण "येस" दिलंत तर एरर देतं. रस्टचं पार्स फक्त लहान अक्षरांतलं "ट्रू" आणि "फॉल्स" ओळखतं. हे दोघं निदान बोलतात तरी. जावाचं पार्सबूलियन मात्र "ट्रू" सोडून जे काही येईल त्याला गुपचूप फॉल्स म्हणतं. "येस", "१", "ऑन", टायपिंगची चूक, सगळ्याला फॉल्स. सर्टिफिकेट तपासायचं की नाही हे अशा व्हेरिएबलवर ठरत असेल, तर "येस" लिहिणाऱ्याने नकळत तपासणी बंद केलेली असते आणि लॉगमध्ये त्याची एक ओळही नसते.

म्हणून आपलं छोटं फंक्शन लिहा: आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढा, अक्षरं लहान करा, "ट्रू", "१", "येस", "ऑन" यांना ट्रू, "फॉल्स", "०", "नो", "ऑफ" यांना फॉल्स आणि बाकी सगळ्याला एरर. शेवटच्या एल्समध्ये फॉल्स परत करण्याचा मोह आवरा, सगळा घोळ तिथेच होतो. पायथनच्या जुन्या कोडमध्ये या कामाला डिस्टयुटिल्समधलं स्ट्रटूबूल वापरलेलं दिसतं. ३.१२ आवृत्तीपासून डिस्टयुटिल्सच काढून टाकलं आहे, त्यामुळे तो इम्पोर्ट आता फुटतो.

नाहीच, रिकामी आणि चुकीची: या तीन वेगळ्या गोष्टी आहेत

डॉकर कंपोझच्या (अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये पोर्ट दुसऱ्या व्हेरिएबलवरून घेतलं आणि तो व्हेरिएबल सेटच नसला, तर कंपोझ एक इशारा छापतं आणि रिकामी स्ट्रिंग देतं. तुमच्या प्रोग्रामला व्हेरिएबल "आहे" असं दिसतं, म्हणून डिफॉल्ट लागू होत नाही. पायथनचं इंट() रिकाम्या स्ट्रिंगवर व्हॅल्यूएरर देतं, ते बरंच. जावास्क्रिप्टचं नंबर() रिकाम्या स्ट्रिंगला शून्य म्हणतं, आणि पोर्ट शून्य म्हणजे "कुठलंही मोकळं पोर्ट दे". सर्व्हर आनंदाने सुरू होतो, फक्त कुणाला सापडत नाही. गोमध्ये व्हेरिएबल नसला काय, रिकामा असला काय, गेटएन्व्ह रिकामी स्ट्रिंगच देतं. फरक कळायला हवा असेल तर लुकअपएन्व्ह वापरा.

डिफॉल्टचीही एक खोड आहे. ओएस.गेटएन्व्हला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून ३० हा इंटिजर दिला, तर व्हेरिएबल नसताना इंटिजर मिळतो आणि असताना स्ट्रिंग. डेव्हलपरच्या मशीनवर व्हेरिएबल नसतो म्हणून सगळं चालतं, सर्व्हरवर असतो म्हणून टाइपएरर येतो. आणि इंट(…) ऑर ३० असं लिहिलं, तर कुणी मुद्दाम दिलेलं शून्य खाऊन टाकलं जातं. रीट्राय शून्य मागितले आणि झाले ३०.

आकडे

जावास्क्रिप्टचं पार्सइंट पहिले आकडे उचलतं आणि बाकीचं सोडून देतं. "३०एस" चे ३० होतात आणि "३०एम" चेही ३०. तीस मिनिटं हवी होती, तीस सेकंद मिळाली, तक्रार नाही. एकक व्हेरिएबलच्या नावातच घाला, टाइमआउट_सेकंद असं, आणि पार्सइंटऐवजी आधी पूर्ण स्ट्रिंग फक्त आकड्यांची आहे का ते तपासा. व्हेरिएबल नसताना नंबर() जे नॅन ("हा आकडाच नाही") देतं ते नोडच्या सेटटाइमआउटला गेलं, तर थांबण्याचा वेळ १ मिलिसेकंद धरला जातो. दर मिनिटाला चालायचं काम अचानक सीपीयू जाळायला लागलं, तर हे आधी तपासा.

पायथनचं फ्लोट() "नॅन" आणि "इन्फ" हे शब्द बिनतक्रार घेतं. त्यानंतर "शून्याहून लहान किंवा १ पेक्षा मोठं असेल तर एरर" ही तपासणी नॅनला अडवत नाही, कारण नॅनसोबतची प्रत्येक लहान-मोठी तुलना फॉल्स असते. अट उलटी लिहा: शून्य ते १ च्या मध्ये असेल तरच पुढे जा.

फाइल परवानग्यांचा आकडा आठ पायाचा, म्हणजे ऑक्टल असतो, हेही विसरलं जातं. यूमास्क (नव्या फाइलच्या कोणत्या परवानग्या काढायच्या ते सांगणारा आकडा) ०२२ देऊन तो साध्या इंट() ने वाचला, तर दशमान २२ मिळतात, जे ऑक्टलमध्ये ०२६ आहेत. नवी फाइल ६४४ ऐवजी ६४० परवानगीने तयार होते, आणि दुसऱ्या युजरखाली चालणाऱ्या वेब सर्व्हरला ती वाचता येत नाही. इंट() ला दुसरं आर्ग्युमेंट ८ द्या.

आपल्यासारख्यांना लागू पडणारी आणखी एक गोष्ट: देवनागरी अंकांत टाइप केलेलं पोर्ट पायथनचं इंट() बिनबोभाट वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर() नॅन देतं आणि गोचं एटूआय एरर. तीच फाइल दोन सर्व्हिस वाचत असतील, तर एक चालेल आणि दुसरी पडेल.

चूक कोडमध्ये नसून वाटेत असते तेव्हा

डॉकर रनला एन्व्ह-फाइल दिली, तर व्हॅल्यूभोवतीचे अवतरणचिन्ह व्हॅल्यूचा भाग होऊन आत येतात. तीच फाइल कंपोझने वाचली तर ते निघून जातात. विंडोजवर सेव्ह केलेली फाइल बॅशमध्ये सोर्स केली, तर प्रत्येक व्हॅल्यूच्या शेवटी कॅरेज रिटर्न (विंडोजच्या ओळीअखेरचं अदृश्य अक्षर) चिकटतो. इंट() तो झाडून टाकतं म्हणून पोर्ट बरोबर येतं, पण पासवर्ड चुकतो आणि संशय भलतीकडेच जातो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर सेट लिहून त्याच ओळीत दोन अँपरसँडने पुढची कमांड जोडली, तर मधली स्पेस व्हॅल्यूत शिरते. कुबर्नेटीसच्या (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या) सीक्रेटसाठी एको वापरून बेस६४ केलं, तर नवी ओळ आत जाते. एकोला एन पर्याय द्या.

हे साध्या प्रिंटने दिसत नाही. पायथनमध्ये रेप्र(), जावास्क्रिप्टमध्ये जेसन.स्ट्रिंगिफाय(), कंटेनरच्या आत प्रिंटएन्व्हचं आउटपुट ओडी कमांडला सी पर्यायासह द्या. अदृश्य अक्षरं उघडी पडतात.

कुबर्नेटीसमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं ट्रू किंवा ८०८० मॅनिफेस्टच्या पातळीवरच नाकारलं जातं, कारण तिथे स्ट्रिंगच लागते. ते लगेच कळतं. खरी डोकेदुखी वेगळी आहे. नेमस्पेसमध्ये रेडिस नावाची सर्व्हिस असेल, तर पॉडमध्ये (तुमचा कंटेनर जिथे चालतो तिथे) रेडिस_पोर्ट आपोआप तयार होतो आणि त्याची व्हॅल्यू ६३७९ नसून "टीसीपी://१०.०.०.११:६३७९" अशी असते. तुम्ही डिफॉल्टवर विसंबून तो दिला नसेल, तर इंट() तिथेच आपटतं. पॉडमध्ये एनेबलसर्व्हिसलिंक्स फॉल्स करा किंवा व्हेरिएबलचं नाव बदला.

याद्यांबद्दल थोडक्यात: पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हींत रिकामी स्ट्रिंग स्वल्पविरामावर स्प्लिट केली, की रिकामी यादी नाही, एक रिकामी स्ट्रिंग असलेली यादी मिळते. ट्रिम करून रिकामे तुकडे गाळा. पायडँटिक सेटिंग्ज (पायथनमध्ये सेटिंग्ज वाचणारी लायब्ररी) वापरत असाल, तर ते यादीसाठी मुळात जेसन मागतं, स्वल्पविरामांची ओळ नाही.

कोडची मांडणी

सगळे व्हेरिएबल एकाच सेटिंग्ज मॉड्यूलमध्ये वाचा, बाकी कोडला फक्त तयार प्रकारच्या व्हॅल्यू द्या. पहिल्या चुकीवर थांबू नका. सगळ्या चुका गोळा करून एकत्र छापा आणि मगच प्रोसेस शून्येतर कोडने बंद करा, नाहीतर पाच चुकांसाठी पाच वेळा डिप्लॉय करावं लागतं. संदेशात व्हेरिएबलचं नाव आणि अपेक्षित प्रकार असावा. पासवर्ड आणि टोकनची व्हॅल्यू मात्र कधीच छापू नका.

टेस्टमध्ये प्रत्येक व्हेरिएबलला किमान हे द्या: व्हेरिएबल नाहीच, रिकामी स्ट्रिंग, नुसती स्पेस, शून्य, मागे कॅरेज रिटर्न असलेली व्हॅल्यू आणि निव्वळ बकवास. नोडमध्ये टेस्ट संपल्यावर व्हेरिएबलला अनडिफाइन्ड देऊन तो काढला असं समजू नका, तिथे "अनडिफाइन्ड" हीच स्ट्रिंग उरते आणि पुढची टेस्ट ती वाचते. डिलीट वापरा.