पासपोर्ट बदलण्याआधी आईचं कालनिर्णय बघा

मी नंदगडजवळच्या एका खेड्यातली. बेळगावात नर्सिंग केलं, 2017 साली इंग्लंडला गेले, 2022 च्या एप्रिलात आयएलआर मिळाला आणि 2024 च्या जानेवारीत ब्रिटिश नागरिक झाले. तेव्हापासून खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या मुलींचे फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून यंदा सुट्टीत गावी आल्यावर सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आयएलआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना. नागरिकत्व त्याच्यापुढचं आणि वेगळं. माझ्या वेळी कामाच्या व्हिसावर पाच वर्षं काढली की आयएलआर मिळायचा. मे 2025 मध्ये तिथल्या सरकारने ही मुदत साधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा, कुणाच्या आठवणीवर विसंबू नका. माझ्यासुद्धा. आयएलआर मिळाल्यावर, नवरा ब्रिटिश नसेल तर, नागरिकत्वाच्या अर्जासाठी आणखी बारा महिने थांबावं लागतं.

परीक्षेची भीती सगळ्यांना वाटते, पण ती अवघड नाही. ‘लाइफ इन द यूके’ या ब्रिटनविषयीच्या परीक्षेत 24 प्रश्न, 45 मिनिटं, 18 बरोबर आले की पास. फी 50 पौंड. अधिकृत पुस्तक दोनदा वाचलं की पुरतं. आयएलआरसाठी दिलेली असेल तर पुन्हा द्यावी लागत नाही.

खरी कसोटी असते दिवसांच्या हिशोबाची. अर्जाआधीच्या पाच वर्षांत देशाबाहेर 450 दिवसांपेक्षा जास्त आणि शेवटच्या वर्षात 90 पेक्षा जास्त राहिलेलं नसावं. निघालेला आणि परत पोचलेला दिवस बाहेरचा धरत नाहीत, मधले पूर्ण दिवस तेवढे मोजतात. अर्जात प्रत्येक प्रवासाच्या तारखा भरायच्या असतात. इंग्लंडमधून निघताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. भारतात उतरताना आणि निघताना बसतो, पण माझ्या पासपोर्टवरचे दोन शिक्के एकमेकांवर पडलेले होते आणि तारीख काही केल्या लागेना.

आईला फोन केला. ती म्हणाली, “थांब, कालनिर्णय बघते.” आमच्याकडे जुनी कालनिर्णयं टाकत नाहीत, तांदळाच्या कणगीमागच्या ट्रंकेत ठेवतात. आई चौथी शिकलेली. दुधाचा हिशोब, गाय व्यायल्याची तारीख, सिलिंडर कधी लावला, सगळं त्या चौकटींत पेन्सिलीने. आणि दर वर्षी दोन चौकटींत माझं: “बाई आली”, “बाई गेली”. वहिनीने एकेका पानाचे फोटो पाठवले. सात फेऱ्या, चौदा तारखा, एकही चुकलेली नाही. तुमच्या घरी असं कुणी लिहीत असेल तर ती पानं आजच फोटो काढून ठेवा. नसेल तर पहिल्या सुट्टीपासून स्वतः वही घाला.

त्या पानांनीच मला एका मोठ्या चुकीतून वाचवलं. तुमचा अर्ज ज्या दिवशी पोचतो, त्याच्या बरोबर पाच वर्षं आधीच्या दिवशी तुम्ही ब्रिटनमध्ये हजर असायला हवं. हा नियम पुष्कळ जणींच्या नजरेतून सुटतो. मी मे 2023 मधली तारीख ठरवली होती. मे 2018 चं पान उघडलं तर त्या दिवसाच्या चौकटीत लिहिलेलं, “दादाच्या हळदी”. मी गावी होते! तीन आठवडे थांबून मग अर्ज भरला. फी थोडीथोडकी नाही, एप्रिल 2025 पासून 1,735 पौंड होती, त्यात शपथविधीचे 130 धरून. अर्ज नाकारला तर तेवढे शपथविधीचे परत मिळतात, बाकीचे गेले.

आता नावाचं. आपल्याकडे शाळेत एक नाव, पासपोर्टवर दुसरं, लग्नानंतर नोकरीत तिसरं, हे सर्रास असतं. ब्रिटिश पासपोर्ट काढताना सगळ्या कागदांवर एकच नाव हवं असतं. तेव्हा अर्जाआधीच भारतीय पासपोर्टवर नाव दुरुस्त करून घ्या, नंतर तो मार्ग उरत नाही. जन्मगावही पासपोर्टवर असेल तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. नोव्हेंबर 2014 मध्ये बेळगाव शहराचं नाव सरकारी कागदांवर बदललं, त्यामुळे बहिणीच्या पासपोर्टवर एक आणि तुमच्यावर दुसरं असू शकतं. बहिणीचं बघून भरू नका.

अर्जात आईवडिलांची जन्मतारीख आणि जन्मगावही विचारतात. बाबांची तारीख त्यांच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर मिळाली. एक जून. त्या पिढीत मास्तरांनी अर्ध्या वर्गाला हीच तारीख दिलेली. आधारवर तीच आहे, म्हणून मी तीच लिहिली. एका माणसाच्या दोन तारखा कागदोपत्री फिरू देऊ नका. त्या दाखल्याकडे मी बराच वेळ बघत बसले. बाबा जन्मले मुंबई राज्यात, 1956 नंतर शिकले म्हैसूर राज्यात, 1973 पासून शेती करतात कर्नाटकात. घर तेच, विहीर तीच. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी मात्र स्वतः सही करून देश बदलणार होते, म्हणून त्यांना सांगितल्याशिवाय अर्ज पाठवायचा नाही असं ठरवलं. तुम्हीही घरी आधी सांगा. शपथविधीचा फोटो बघून कळलं तर फार लागतं.

बाबांनी एकच विचारलं, “खरं, शेतातलं नाव जातंय काय?”

ही भीती गावोगाव आहे, म्हणून नीट सांगते. तुम्ही परदेशात राहायला गेलात तेव्हापासूनच, पासपोर्ट भारतीय असला तरी, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही मिळत नाही. नागरिकत्व बदलून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळतं ते) घेतलं तरी नियम तोच राहतो. वारशाने आलेली जमीन तेव्हाही घेता येते, नंतरही. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणजे वडील हयात असताना बक्षीसपत्र करून देतो म्हणाले तर नको म्हणा. वारस म्हणून आपलं नाव आरटीसी उताऱ्यावर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर, लागू शकतं. तुमच्या जमिनीचं काही खास प्रकरण असेल तर वकिलाला दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शपथ घेतली त्या क्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 मध्येच तसं आहे, वेगळा अर्ज लागत नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. ब्रिटिश पासपोर्ट काढायला तो जुना पासपोर्टही पाठवावा लागतो. पुढे भारतीय पासपोर्ट सरेंडर करून त्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि मग ओसीआयचा अर्ज. ब्रिटिश पासपोर्ट येईपर्यंत हातात गावी जाण्याजोगं काहीच नसतं.

माझा शपथविधी जानेवारीत झाला. इरकल नेसून गेले होते, कौन्सिलच्या सभागृहात राजाच्या नावाने शपथ घेतली, सर्टिफिकेट मिळालं. फेब्रुवारीत आजी गेली. जुना पासपोर्ट नव्यासाठी पाठवलेला. तिकडच्या एका एजंटाने फोनवर सांगितलं, जुना परत मागवा आणि जाऊन या, कोण बघतंय. मी गेले नाही. दादाने फोन धरून अंत्यविधी दाखवला, आणि बाराव्याला मी वॉर्डात रात्रपाळीत होते. मला लहानपणी भाताच्या मळणीला खांद्यावर घेऊन जाणारी माझी आजी. तिचं शेवटचं तोंड मी स्क्रीनवर पाहिलं.

म्हणून शपथेची तारीख निवडताना घरच्यांचा विचार आधी करा. निमंत्रण आल्यापासून तीन महिन्यांत शपथ घ्यायची असते, म्हणजे थोडी मोकळीक मिळते. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर आधी जाऊन भेटून या. लग्न किंवा जत्रा जवळ असेल तर ती उरकून घ्या. ब्रिटिश पासपोर्ट हातात आला आणि ओसीआय अजून यायचं असेल, तर भारतीय व्हिसा काढून जाता येतं. तेवढ्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा.

ओसीआयवर कितीही वेळा या, कितीही राहा. मतदान मात्र करता येत नाही. गावच्या मतदार यादीतलं नाव फॉर्म 7 भरून काढून घ्या, बँकेलाही कळवा. यादीतलं नाव काढताना मला शपथविधीपेक्षा जास्त जड गेलं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आमच्या वाड्यात अख्खं घर एकत्र चालत जायचं.

ओसीआय आल्यावर पहिल्यांदा आले ती त्या वर्षीच्या ऑगस्टात. कार्ड आणि ब्रिटिश पासपोर्ट दोन्ही सोबत ठेवा, एकट्या कार्डावर सोडत नाहीत. गोव्याला उतरून चोर्ला घाटाने पावसातून घरी पोचले. आईने पाणी दिलं, मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे गेली आणि पेन्सिल शोधू लागली.